सोरच्या वाळूतला निरोप



आमच्या मुलांच्या वसतिगृहात दोन वर्षे सेवा केलेले तीन परदेशी स्वयंसेवक आता मायदेशी निघाले आहेत. येत्या शनिवारी चोर्ला घाट उतरून गोव्याच्या किनाऱ्यावर एक रात्र सर्वांनी एकत्र काढायची, असे ठरले आहे. मागच्या तुकडीच्या निरोपाला मी गेलो नव्हतो. धर्मशिक्षणाचा वर्ग आहे, असे सांगितले. खरे कारण एवढेच की मला निरोप झेपत नाही. या वेळी मुलांनाही नेऊ नये, उगाच रडतील, असे मीच सुचवले होते.

मग रविवारच्या पाठाची तयारी करताना प्रेषितांच्या कृत्यांचा २१ वा अध्याय समोर आला.

काळ सुमारे इ. स. ५७. पौल यरुशलेमकडे निघाला होता. तिथल्या गरीब भावंडांसाठी दूरदूरच्या मंडळ्यांनी वर्गणी जमवली होती. थेस्सलनीका, बिरुया, दर्बे, आशिया अशा ठिकठिकाणचे सोबती त्याच्याबरोबर होते. पातरा बंदरात त्यांना फेनिकेकडे जाणारे जहाज मिळाले. कुप्र बेट डावीकडे टाकून ते सोरला पोहोचले. तिथे माल उतरायचा होता. त्यांनी शहरात शिष्यांना शोधून काढले आणि सात दिवस त्यांच्याकडे राहिले.

सोर पूर्वी बेटावरचे शहर होते. इ. स. पूर्व ३३२ मध्ये अलेक्झांडरने सात महिने वेढा घातला आणि किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्रात भराव टाकून ते जिंकले. पुढे त्या भरावाच्या दोन्ही बाजूंना लाटांनी वाळू आणून टाकली आणि बेट जमिनीला जोडले गेले. युद्धासाठी बांधलेल्या वाटेवर समुद्राने अशी वाळू पसरली.

तिथल्या मंडळीची कहाणीही काहीशी तशीच. स्तेफनाच्या वधानंतर छळ उसळला, तेव्हा पांगलेले विश्वासणारे फेनिकेपर्यंत गेले आणि त्यांनी तिथे वचन सांगितले. त्या छळात घरोघर शिरून माणसे तुरुंगात टाकणारा तरुण होता शौल, म्हणजे हाच पौल! ज्याच्या भीतीने माणसे घरदार सोडून पळाली, त्यालाच आता फेनिकेतली मंडळी आठवडाभर घरी ठेवून घेत होती.

पुढे संकट आहे हे सोरच्या शिष्यांना आत्म्याच्या द्वारे कळले होते. यरुशलेमला जाऊ नका, असे त्यांनी पौलाला सांगितले. तो थांबला नाही. म्हणून ते रुसले नाहीत, घरीही बसले नाहीत. बायकामुलांसह सगळे शहराबाहेर आले. समुद्रकिनारी सर्वांनी गुडघे टेकून प्रार्थना केली आणि एकमेकांचा निरोप घेतला. पाहुणे जहाजावर चढले, ते घरी परतले.

मिलेतचा निरोप आपल्याला जास्त आठवतो. तिथे पौलाचे लांब भाषण आहे, गळ्यात पडून रडणे आहे. सोरला यातले काही लूक सांगत नाही. तिथल्या एकाही माणसाचे नाव तो लिहीत नाही. मुले मात्र तो विसरत नाही.

सोरकरांची भीती खरी ठरली. पौलाला यरुशलेमात अटक झाली. पण त्या मुलांच्या आठवणीत तो बेड्यांतला कैदी म्हणून राहिला नसेल. आपल्या शेजारी वाळूत गुडघे टेकलेला माणूस म्हणूनच राहिला असेल.

गोव्यात ज्यांच्या पवित्र अवशेषांना आपण वंदन करतो, त्या संत फ्रान्सिस झेवियरांनाही दुरावा सोपा नव्हता. १५४६ साली अंबोइना बेटावरून त्यांनी युरोपातल्या सोबत्यांना कळवले की, पत्रांतल्या तुमच्या हातच्या सह्या कापून मी सतत जवळ बाळगतो. संतालाही सोबत्यांची आठवण हाताशी लागत होती. मग मी कोणत्या धीराचा आव आणत होतो?

मुले रडतील म्हणून मी त्यांना मागे ठेवत होतो. खरे तर स्वतःचे रडणे मला लपवायचे होते. ज्यांनी दोन वर्षे त्यांचे अभ्यास घेतले, तापात उशाशी रात्र काढली, त्यांना निरोप देण्याचा पहिला हक्क त्या मुलांचाच आहे.

शनिवारी मुलेही येतील. मीही जाईन. जेवणाआधी, अंधार पडण्यापूर्वी, सगळे मिळून वाळूत गुडघे टेकू. जाणाऱ्यांसाठी प्रार्थना करूच. घरी परतणाऱ्यांसाठीही करू, कारण सोमवारी सकाळी वसतिगृहाची घंटा पुन्हा वाजायची आहे.

तुमच्याही प्रार्थनेत आमची आठवण असू द्या. आमेन.