मंटोचे मुंबई सोडणे

सआदत हसन मंटो जानेवारी १९४८ मध्ये मुंबईहून जहाजाने कराचीला आणि तेथून लाहोरला गेला. उर्दू कथेचा परिचय करून देणाऱ्या बहुतेक टिपणांत हे वाक्य 'फाळणीमुळे' या शब्दाने सुरू होते, आणि विद्यार्थीही उत्तरपत्रिकेत ते तसेच उतरवतात. आमचा आक्षेप या एका शब्दाला आहे. फाळणी ऑगस्ट १९४७ मध्ये झाली. मंटो निघाला त्यानंतर पाच महिन्यांनी. पत्नी सफिया आणि लहानगी निगहत आधीच लाहोरला पोहोचल्या होत्या. तो मात्र मुंबईत राहून बॉम्बे टॉकीजमध्ये काम करीत होता. 'फाळणीमुळे' म्हटले की हे पाच महिने पुसले जातात आणि एक माणूस ठरवू की नको असा घुटमळत होता, ही गोष्टच नाहीशी होते.

मुळात निर्णय कशाचा होता, हे आधी पाहिले पाहिजे. आज मुंबई आणि लाहोर यांच्यामध्ये जी सीमा आहे ती आपण नकळत १९४७ च्या मागेही नेतो. मंटोच्या पिढीला ही दोन शहरे एकाच व्यवसायाची दोन टोके वाटत. फ्रंटियर मेल मुंबईहून निघे ती लाहोरवरून पेशावरला जाई. चित्रपटातली माणसे दोन्ही दिशांनी येत-जात. लाहोर हे उर्दू प्रकाशनाचे मोठे केंद्र होते. मंटो १९३६ मध्ये 'मुसव्विर' साप्ताहिकाच्या संपादनासाठी मुंबईत आला. पुढे 'फिल्मइंडिया'कार बाबुराव पटेल यांच्याकडेही त्याने काही काळ उर्दू साप्ताहिक सांभाळले. (या मराठी संपादकावर त्याने लिहिलेले व्यक्तिचित्र आपल्याकडे जितके वाचले जायला हवे तितके वाचले जात नाही, हे जाता जाता नोंदवतो.) मधली दीडेक वर्षे दिल्लीच्या आकाशवाणीत गेली, पण १९४२ मध्ये तेथे बिनसल्यावर तो परतला तो मुंबईलाच. आणि 'बू' कथेवरच्या अश्लीलतेच्या खटल्यासाठी त्याला मुंबईहून हजर व्हावे लागले ते लाहोरच्या न्यायालयात. लाहोर त्याला परके नव्हते; मुंबई मात्र आपली होती. पेच होता तो असा.

कारणे सांगणारे कागद आहेत, पण ते एकमेकांशी जुळत नाहीत. लाहोरात लिहिलेल्या आणि 'गंजे फरिश्ते' (१९५२) या संग्रहात आलेल्या दोन व्यक्तिचित्रांत मंटोने स्वतः दोन प्रसंग सांगितले आहेत. अशोककुमार आणि सावक वाच्छा यांनी बॉम्बे टॉकीजचा कारभार हाती घेतल्यावर तेथे मुसलमान फार झाले, अशी तक्रार करणारी धमकीची पत्रे येऊ लागली. अशोककुमारने ती हसण्यावारी नेली. मंटोला ते जमले नाही. दंगलीच्या दिवसांत एका रात्री अशोककुमार त्याला गाडीतून घरी सोडायला निघाला आणि नेमका मुसलमान वस्तीत शिरला. मंटोची बोबडी वळली, कारण जमावाने अशोककुमारला काही केले असते तर त्याचा दोष आपल्यावर येईल, ही धास्ती. जमावाने नटाला ओळखले आणि पुढे रस्ता बंद आहे, बाजूच्या गल्लीने जा, असे आपुलकीने सांगितले. झाले काहीच नाही. आमच्या मते या निर्णयाविषयीचा सर्वांत बोलका पुरावा हाच. भयाला घटना लागतेच असे नाही. काहीच न घडता माणूस आतून हलतो.

दुसरा प्रसंग श्याम या नटाचा. श्याम रावळपिंडीचा, मंटोचा जिवलग. तिकडून आलेल्या शीख कुटुंबाची हकीकत दोघांनी मिळून ऐकली. बाहेर पडल्यावर मंटोने विचारले, मी मुसलमान आहे, मला मारावे असे तुला वाटत नाही का? आता नाही, पण ऐकत असताना मारलेही असते, अशा अर्थाचे उत्तर श्यामने दिले. हाच श्याम पुढे त्याला जहाजापर्यंत सोडायला गेला. हे उत्तर क्रूर म्हणून उद्धृत करण्याचा प्रघात आहे. आम्हाला ते प्रामाणिक वाटते, आणि मंटोलाही बहुधा तसेच वाटले असावे. तसे नसते तर श्यामवरचा लेख इतक्या मायेने लिहिला गेला नसता.

तिसरी साक्ष इस्मत चुगताई यांची, आणि ती अगदी उलट्या बाजूची. पाकिस्तानात भवितव्य उज्ज्वल आहे, निघून गेलेल्यांची घरे मिळतील, असे मंटो आपल्याला सांगत होता, आणि त्या वेळी तो आपल्याला भित्रा वाटला, असे त्यांनी त्याच्यावरील लेखात लिहिले आहे. याच लेखात मंटोने पुढे लाहोरहून, मला परत बोलावून घ्या, अशी पत्रे पाठवल्याचाही उल्लेख आहे. इस्मत यांच्या रागाला मैत्रीचा अधिकार आहे, तो त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ नये. परंतु मित्र गेल्यावर लिहिलेल्या आठवणीतला राग इतिहासलेखकाने जसाच्या तसा निकाल म्हणून स्वीकारू नये. मंटोचे लेखही नंतरचेच, लाहोरच्या ओढगस्तीतून मागे वळून पाहणारे. शिवाय बॉम्बे टॉकीजमध्ये आपल्या कथेला डावलले जाते आहे, हा सलही त्यांत डोकावतो. धर्म, नोकरी, कुटुंब आणि दुखावलेला अभिमान यांतले एकच कारण वेगळे काढून दाखवणे आम्हाला शक्य वाटत नाही.

वजीरा झमिनदार यांचे दीर्घ फाळणीविषयीचे पुस्तक (२००७) वाचल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात येते. जानेवारी १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून भारतात येण्यासाठी परवाना लागत नव्हता. तो जुलै १९४८ मध्ये आला. पासपोर्ट ऑक्टोबर १९५२ मध्ये. म्हणजे मंटो जहाजावर चढला तेव्हा त्याने जो निर्णय घेतला तो शहर बदलण्याचा होता. देश बदलण्याचा निर्णय त्याच्या वतीने सहा महिन्यांनी सरकारने घेतला. साहिर लुधियानवी १९४९ मध्ये नेमका उलट्या दिशेने, लाहोरहून निघाला आणि पुढे मुंबईचा झाला. त्याची निवड शहाणपणाची आणि मंटोची चुकीची, असा हिशेब आज मांडणे सोपे आहे; पण दोघेही निघाले तेव्हा त्यांच्यापुढे आजचे उत्तर नव्हते.

लाहोरचा चित्रव्यवसाय तेव्हा जवळजवळ बंद पडला होता. मंटोने लिहिलेला 'बेली' (१९५०) चालला नाही. 'ठंडा गोश्त'वर खटला झाला. मद्यपान वाढत गेले आणि १८ जानेवारी १९५५ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तो वारला. या सात वर्षांत त्याने मुंबईवर जितके लिहिले तितके क्वचितच कोणी मुंबई सोडल्यावर लिहिले असेल. 'मम्मद भाई' ही त्यांपैकी एक कथा. तिच्या आरंभी तो वाचकाला फारस रोडवरून सफेद गल्लीत कसे वळायचे हे सांगतो, अमुक ठिकाणी गेलात की तमुक दिसेल, अशा पत्ता सांगणाऱ्या माणसाच्या थाटात. हा पत्ता ज्यांच्यासाठी लिहिला त्या लाहोरच्या वाचकांना तेथे जाण्यासाठी आता कागद दाखवावे लागणार होते, आणि सांगणाऱ्यालाही.