चि. : एका अक्षराचं दीर्घायुष्य

प्रत्येक मराठी लग्नपत्रिकेत एक अमर माणूस असतो. नवरदेवाच्या नावाआधी ‘चि.’ छापलेलं असतं. चि. म्हणजे चिरंजीव, कायम जगणारा. त्याच पत्रिकेत थोडं खाली त्याचे आजोबा असतात, त्यांच्या नावाआधी ‘कै.’. म्हणजे अमर नातू आणि कैलासवासी आजोबा एकाच कागदावर, आणि कुणाला त्यात काही खटकत नाही.

मागच्या वर्षी चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका करायचं काम माझ्याकडे आलं. घरातला ‘कॉम्प्युटरवाला’ म्हणून अशी कामं येतातच. ऑनलाइन टेम्प्लेटमध्ये नावाआधी एक फील्ड होतं आणि त्यात निवडायला पर्याय : चि., चि. सौ. कां., श्री., सौ., गं. भा., कै., आयु., कालकथित. कामाची सवय म्हणा, मी त्या यादीकडे डेटा म्हणून बघायला लागलो. माणूस जिवंत आहे की नाही, तिचा नवरा जिवंत आहे की नाही, घर कोणत्या धर्माचं, हे सगळं एका ड्रॉपडाउनमध्ये होतं. आणि सगळ्यात वर चि. मग प्रश्न पडला, एवढी मोठी गोष्ट आपण इतक्या सहज का छापतो?

सात जणांची यादी

चिरंजीव म्हटल्यावर परंपरा सात नावं सांगते : अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, विभीषण, कृपाचार्य आणि परशुराम. आठवा मार्कंडेय. जुन्या पद्धतीच्या घरांत मुलाच्या वाढदिवशी ही नावं घेतात आणि त्याला तीळ-गूळ घातलेलं दूध प्यायला देतात. केक आणि मेणबत्त्या नंतर आल्या.

आता यादीतलं पहिलं नाव बघा. लहान मुलाच्या वाढदिवशी सगळ्यात आधी घ्यायचं नाव अश्वत्थाम्याचं. त्याने काय केलं होतं? महाभारताच्या सौप्तिकपर्वात तो रात्री पांडवांच्या छावणीत शिरतो आणि झोपलेल्यांना मारतो. द्रौपदीची पाचही मुलं त्या रात्री मरतात. पुढे तो अस्त्र सोडतो ते उत्तरेच्या गर्भावर. ते बाळ, परीक्षित, मेलेलंच जन्मतं आणि कृष्ण त्याला जिवंत करतो. म्हणजे आपल्या सगळ्या पुराणकथांतला मुलांच्या जिवावर उठलेला हा माणूस, आणि मुलाला आयुष्य मिळावं म्हणून आई त्याचंच नाव पहिलं घेते.

दुधाचीही गोष्ट आहे. आदिपर्वात द्रोण इतका गरीब आहे की त्याच्या घरी गाय नाही. शेजारची मुलं छोट्या अश्वत्थाम्याला पाण्यात पीठ कालवून देतात आणि तो दूध प्यायलो म्हणून नाचतो. ते बघून द्रोण द्रुपदाकडे मदत मागायला जातो, तिथे अपमान होतो आणि पुढचं वैर सुरू होतं. ज्याला लहानपणी दूध मिळालं नाही, त्याच्या नावाने आपण मुलांना दूध पाजतो.

संपलेली शिक्षा

अश्वत्थाम्याचं अमरत्व हे बक्षीस नाही, शाप आहे. त्याच्या कपाळावर जन्मजात मणी होता. तो जवळ असला की शस्त्राची, रोगाची, भुकेची भीती नाही. तो मणी काढून घेतला गेला. आयुष्य उरलं, आरोग्य गेलं. अंगाला रक्त-पुवाचा वास, सोबत कुणी नाही, बोलायला कुणी नाही, असं तीन हजार वर्षं भटकायचं.

तीन हजार. हा आकडा वाचून मी हिशेब केला. परंपरेप्रमाणे कलियुग इ.स.पू. ३१०२ मध्ये सुरू झालं आणि भारतीय युद्ध त्याआधी छत्तीस वर्षं झालं. त्या गणिताने शिक्षा इ.स.पू. दुसऱ्या शतकातच संपली. तरी लोकांनी त्याला सोडलेलं नाही. नर्मदा परिक्रमेच्या गोष्टींत तो भेटतो. बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड किल्ल्यावरच्या शिवमंदिरात पहाटे तो फूल वाहून जातो असं सांगतात. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याचा एक उंच डोंगर त्याच्याच नावाने ओळखला जातो, अस्तंबा. दिवाळीच्या सुमारास तिथे यात्रा भरते. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातले आदिवासी तरुण रात्रभर डोंगर चढून जातात. २०२४ मध्ये तो ‘कल्की’ सिनेमात अमिताभ बच्चन होऊन आला आणि माझ्या ऑफिसातल्या ज्यांनी महाभारत मालिकाही पाहिलेली नाही, त्यांनाही माहीत झाला.

या सगळ्या गोष्टींत तो मागतो काय? जखमेवर लावायला तेल. परदेशी कथांतले अमर लोक असे नसतात. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधले एल्फ माणसांचं युग आलं की जहाजात बसून पश्चिमेला निघून जातात. स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये (१७२६) न मरणारी माणसं आहेत, पण ती म्हातारी होत राहतात आणि ऐंशी वर्षांनंतर कायद्याने त्यांना मेलेलं धरतात. आपला अमर माणूस जातही नाही आणि त्याला कुणी मेलेलंही धरत नाही. तो दारात येतो, वाटीभर तेल मागतो, आणि कथेतली बाई ते देते. त्याने काय केलं होतं हे तिला माहीत असतं.

का देते? मला वाटतं याचं उत्तर पुराणात नाही, जनगणनेत आहे.

मरणाचं गणित

१९११ ते १९२१ या दशकात भारतात जन्मलेल्या माणसाचं सरासरी आयुर्मान होतं सुमारे वीस वर्षं. याचा अर्थ लोक विशीत म्हातारे होत असा नाही. मुलं इतकी मरत की सरासरी तिथवर खाली येई. त्या काळात जन्मलेल्या हजार बाळांपैकी दोनशेच्या आसपास पहिला वाढदिवस बघत नसत. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने सर्वाधिक झोडपलेल्या भागांत आपला मध्यप्रांत होता, राजधानी नागपूर. १९२१ ची जनगणना ही भारताची लोकसंख्या आधीपेक्षा कमी भरलेली एकमेव जनगणना.

राजवाडेही यातून सुटत नव्हते. नानासाहेब पेशव्यांचे तीन मुलगे घ्या. पेशवाईतल्या पत्रांत घरच्या धाकट्यांना ‘चिरंजीव राजश्री’ लिहायची रीत होती. विश्वासराव १७६१ मध्ये पानिपतावर पडले. माधवराव १७७२ मध्ये क्षयाने गेले, वय सत्तावीस. नारायणराव १७७३ मध्ये शनिवारवाड्यात मारले गेले, वय अठरा. तिघांपैकी एकानेही तिशी पाहिली नाही. नागपूरचं तर राज्यच यावर गेलं. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले, मागे मुलगा नव्हता, आणि डलहौसीने दत्तक वारस न मानता राज्य खालसा केलं. महालातून जाताना भोसल्यांचा वाडा दिसला की मला हे आठवतं : एक चिरंजीव नव्हता म्हणून इथला झेंडा उतरला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आईवडिलांचं चौदावं अपत्य. त्या चौदांपैकी जगली पाच. पुढे बाबासाहेब आणि रमाबाईंना पाच मुलं झाली. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न ही चार लहानपणीच गेली, एकटे यशवंत मोठे झाले.

माझ्या पणजीला नऊ मुलं झाली, चार मोठी झाली. आमच्या वंशावळीच्या कागदावर त्या चौघांचीच नावं आहेत. उरलेल्या पाचांबद्दल आजीला विचारलं तर तिला एकच नाव आठवलं, धोंडू. “दगड टिकते ना बापा, म्हणून ठेवलं असंन,” ती म्हणाली. धोंडू दीड वर्षाचा होऊन गेला.

धोंडू, दगडू, कचरू, उकर्डा, भिका, नथू. आपण शाळेत या नावांना हसायचो. मूल जगत नसलं की आईबाप अशी नावं ठेवत. कचरा कोण उचलून नेईल? मृत्यूलाही नकोसं वाटावं अशी ती नावं. नथू म्हणजे मुलीसारखी नाकात नथ घातलेला मुलगा, म्हणजे मुलग्यांवर टपलेल्या मृत्यूची फसगत. एकीकडे पोराला चिरंजीव म्हणायचं, दुसरीकडे कचरा म्हणायचं. दोन्हींमागे धावपळ एकच, याला कसंतरी जगव.

आता अश्वत्थाम्याचं नाव पहिलं का, ते मला समजतं. ज्याच्यामुळे मुलं मरतात त्यालाच आधी हात जोडायचे, त्याला तेल द्यायचं, त्याला दारातून समाधानाने परत पाठवायचं. देवी आली म्हटल्यावर देवीलाच नैवेद्य दाखवायचा, तसंच हे. त्या यादीत भक्तीपेक्षा घाबरलेल्या आईचा व्यवहार जास्त आहे.

यादीत नसलेल्या

सातांत बाई एकही नाही. नवरीच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’ लिहितात, पण त्यातलं वजन पुढच्या अक्षरांवर आहे. सौभाग्यकांक्षिणी म्हणजे सौभाग्याची इच्छा धरणारी, आणि सौभाग्य म्हणजे नवऱ्याचं आयुष्य. लग्नाच्या दिवशी तिचं दीर्घायुष्य त्याच्या खात्यात जमा होतं. तो आधी गेला तर ती गं. भा. होते. नवरदेवाच्या नावाआधीचं अक्षर मात्र बायको मेल्यावर बदलत नाही.

नागपुरात याला एक वेगळं उत्तरही मिळालं. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसोबत लाखोंनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतर इथल्या पत्रिकांवर चि. च्या जागी ‘आयुष्मान’ आणि ‘आयुष्मती’ दिसू लागलं आणि कै. च्या जागी ‘कालकथित’. बदल छोटा दिसतो. पण आयुष्मान म्हणजे आयुष्य असलेला, अमर नव्हे. आणि शब्द वराला आणि वधूला सारखाच. बौद्ध परंपरेत किसा गोतमी मेलेलं बाळ घेऊन औषध मागत येते. बुद्ध तिला सांगतात, ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरातून मोहरी आण. ती दारोदार फिरते. मोहरी प्रत्येक घरात असते, असं घर मात्र सापडत नाही. अश्वत्थामाही दारोदार फिरतो, पण तेल मागत. चार मुलं गमावलेल्या बापाने आपल्या माणसांसाठी यातली कोणती गोष्ट निवडली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

नावाआधीचं अक्षर खरं कुणी केलं

बाळ पाच-सहा दिवसांचं झालं की सटवाई त्याच्या कपाळावर नशीब लिहायला येते म्हणून रात्री कोरा कागद आणि लेखणी ठेवायची आणि जागायचं. नाळ अस्वच्छ हत्याराने कापली की होणारा धनुर्वात साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात दिसतो. जागरण नेमकं त्याच दिवसांत यावं, हा मला योगायोग वाटत नाही. पुढे गरोदर बाईला टिटॅनसची लस आणि नाळेला स्वच्छ ब्लेड मिळालं. २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. सटवाईच्या कागदावर खाडाखोड झाली ती अशी.

याचा मोठा तुकडा विदर्भात घडला. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दवाखाना लांब, रस्ता नाही, आणि बाळ मरतं ते घरात. म्हणून त्यांनी ३९ गावांतल्या बायकांनाच आरोग्यदूत म्हणून शिकवलं : बाळाचं वजन करायचं, त्याला ऊब द्यायची, श्वास मोजायचे, जंतुसंसर्ग ओळखायचा आणि गरज पडली तर इंजेक्शन द्यायचं. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन जातात, त्या कामाचं मूळ तिथे आहे. सात चिरंजीवांच्या यादीत बाई नाही. मुलांना प्रत्यक्षात जगवणाऱ्यांच्या यादीत मात्र बहुतेक बायकाच सापडतात.

भारताचं सरासरी आयुर्मान आता सत्तरच्या घरात आहे. आपल्या पिढीत मुलाचं नाव कचरू ठेवत नाहीत, कारण ते ठेवायची वेळ येत नाही. अश्वत्थाम्याची गोष्टही आता दुसऱ्याच कारणाने आपली वाटू लागली आहे. मणी गेलेला, आयुष्य उरलेला, सोबत नसलेला म्हातारा माणूस नागपूरच्या प्रत्येक फ्लॅट स्कीममध्ये एखादा तरी दिसतो. मुलगा पुण्याला किंवा अमेरिकेला. तो मागतो तेही फार नसतं : गोळ्या आणून दे, मोबाइलमधलं जरा बघून दे.

पत्रिकेत मी चि. तसंच ठेवलं. वहिनीच्या नावाआधीही फक्त चि. टाकलं, सौ. कां. काढलं. एक काका थोडे कुरकुरले, आजी नाही. २०२० च्या सरकारी आकड्यांनुसार महाराष्ट्रात हजार बाळांमागे सोळा पहिला वाढदिवस गाठत नाहीत. दोनशेवरून सोळा हे फार मोठं अंतर आहे, पण मेळघाट आणि गडचिरोलीच्या दुर्गम पाड्यांवर आई आजही बाळाचे श्वास मोजत रात्र काढते. तिच्यासाठी ते अक्षर नुसती छपाईची रीत झालेलं नाही.