पावतीवरचा गोऱ्हा

सकाळी दारात दुधाची पिशवी येते. तिच्यामागे कुठेतरी गाय आहे, हे आपल्याला ठाऊक असते. पण गाय दूध देते ती व्यायल्यावर, आणि गाय व्याली म्हणजे वासरू आलेच. निम्म्या वेळा कालवड होते, निम्म्या वेळा गोऱ्हा. कालवड दावणीला राहते, उद्याची गाय होते. गोऱ्ह्याचे काय होते? दुधाचा इतिहास सांगणारे पुष्कळ आहेत. आज मी या गोऱ्ह्याचा थोडा इतिहास सांगणार आहे.

विषय माझ्याकडे आला तो वडिलांमुळे. तेव्हाच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आमचे गाव. गावात जनावरांचा आठवडी बाजार भरे. अब्बा तिथे ठेकेदाराच्या हाताखाली पावत्या फाडण्याचे काम करत. लिंबाखाली सतरंजी, पुढ्यात पत्र्याची पेटी, कानाला पेन्सिल. समोर व्यापारी आणि शेतकरी रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवत. सौदा तुटला की दोघे अब्बांकडे येत. देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, जनावराचा रंग, शिंगे, दात, रक्कम आणि सगळ्यात शेवटी खरेदीचे कारण. त्या शेवटच्या रकान्यात अब्बा बहुतेक वेळा एकच शब्द लिहीत, 'शेतीकामासाठी'.

तो शब्द एकेकाळी अगदी खरा होता. आमच्याकडे खिल्लार गाय पाळत ती बैलासाठी. दूध घरापुरते, वासराचे पोट भरून उरेल तेवढे. गोऱ्हा झाला की घरात पेढे वाटल्यासारखा आनंद. दोन-तीन वर्षांत तो औताला लागे. खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी या आपल्या जातींना त्या त्या मुलखातल्या शेतकऱ्यांनी घडवले, ते मुख्यतः कामासाठी. नांगर, मोट, गाडी, सगळे बैलाच्या खांद्यावर. पोळा आणि बेंदूर हे सण बैलाचे आहेत, ते उगीच नाहीत.

मग दूध पुढे आले. १९४६ साली गांधीजी उरुळी कांचनला आले. तिथल्या निसर्गोपचार आश्रमाची जबाबदारी त्यांनी मणिभाई देसाईंवर टाकली. मणिभाईंनी आश्रमात गीर गायींवर काम केले आणि १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था उभी केली. परदेशी वळूचे गोठवलेले वीर्य घेऊन शेतकऱ्याच्या दारात जायचे, गावठी गायीला कृत्रिम रेतन करायचे आणि तिच्या पोटी जर्सी किंवा होल्स्टीन रक्ताची कालवड जन्माला घालायची, अशी ती कल्पना. १९७० मध्ये देशात दुधाचा महापूर योजना सुरू झाली. दोन लिटर देणाऱ्या गायीच्या लेकी आठ-दहा लिटर देऊ लागल्या. दुष्काळी भागातल्या कितीतरी घरांची चूल या गायीने पेटती ठेवली. मी स्वतः त्या दुधाच्या पैशांवर शिकलेल्या मुलांबरोबर कॉलेजात गेलो, त्यामुळे तिला नावे ठेवणे मला जमणार नाही.

पण त्याच गायीला गोऱ्हाही होई. त्याला वशिंड नाही, जू नीट बसत नाही. वैशाखाच्या उन्हात तो धापा टाकतो. तोवर गावात ट्रॅक्टरही आला होता. दुधाने आणि ट्रॅक्टरने मिळून त्याची जागाच काढून घेतली. शेजारच्या अण्णांकडे पहिली जर्सी आली तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा होतो. तिला गोऱ्हा झाला आणि अण्णांच्या तोंडून हर्षाचा शब्द निघाला नाही. काही महिन्यांनी ते त्याला ओढत बाजारात घेऊन आले. अब्बांना म्हणाले, "भाई, याला एखादं गिऱ्हाईक बघा. दूध पितोय नुसता." गिऱ्हाईक मिळाले. अण्णांनी त्याच्या गळ्यातले दावे सोडून खांद्यावर टाकले आणि मागे न पाहता गेले. अब्बांनी पावती लिहिली: तांबडा, बिनशिंगी, अदत. कारण, शेतीकामासाठी.

मी विचारले, "अब्बा, जर्सी औताला चालते?" अब्बा म्हणाले, "तू घरी जा."

पुढे कायदा वाचला, तेव्हा त्या उत्तराचा अर्थ लागला. आपल्या राज्यघटनेचे ४८ वे कलम एका दमात दोन गोष्टी सांगते. शेती आणि पशुपालन आधुनिक, शास्त्रीय पद्धतीने उभारावे, ही एक. गायी, वासरे आणि इतर दुभत्या व ओढकामाच्या गुरांची कत्तल बंद करण्यासाठी पावले टाकावीत, ही दुसरी. आधुनिक पद्धतीने जर्सी आली आणि कामाला न येणारा गोऱ्हा आला. महाराष्ट्राच्या १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याने गाय आणि तिचे वासरू, नर असो की मादी, मारायला बंदी घातली. बैल आणि वळू दाखला घेऊन कापता येत होते. म्हणजे त्या गोऱ्ह्याला मारायची परवानगी नव्हती आणि जगवायची कुणाची ऐपत नव्हती. अण्णांना ते माहीत होते, व्यापाऱ्याला माहीत होते, बाजार भरवणाऱ्याला आणि बंदोबस्ताच्या शिपायालाही माहीत होते. सगळ्यांच्या वतीने तो एक शब्द लिहिला माझ्या वडिलांच्या हाताने. पुढे जेव्हा कधी हा विषय निघाला, तेव्हा लोकांनी घेणाऱ्याचे नाव तेवढे मोठ्याने वाचले. पावतीवर नावे दोन होती.

हा पेच आपल्याच वाट्याला आला, असे मात्र नाही. इंग्लंडमध्ये गोमांस खाण्याला आडकाठी नाही. तिथेही दुधाच्या जातीचा गोऱ्हा नकोसाच, कारण त्याच्या अंगावर मांस धरत नाही. तिथल्या गवळ्यांनी जुन्या काळीच एक तोड काढली. कळपातल्या चांगल्या गायींना दुधाचा वळू द्यायचा आणि उरलेल्या गायींना हेरफर्डसारखा मांसाच्या जातीचा. हेरफर्डचे तोंड पांढरे असते आणि तो पांढरेपणा संकरित वासरात हमखास उतरतो. काळ्या-पांढऱ्या गायीचे पांढऱ्या तोंडाचे वासरू बाजारात आले की बाप कोण आणि वासरू कशासाठी, हे कुणी विचारायला नको. तिथे वासराचे तोंड हीच पावती. असे वासरू दोन-तीन आठवड्यांचे असतानाच चांगल्या भावाने विकले जाते आणि दुसऱ्या शेतकऱ्याकडे मोठे होते.

म्हणून त्यांचे सगळे सुरळीत झाले का? निव्वळ दुधाच्या जातीचे गोऱ्हे उरतच होते. ते जहाजांनी आणि विमानांनी युरोपात पाठवत. १९९५ मध्ये त्याविरुद्ध साध्यासुध्या बायाबापड्या रस्त्यावर उतरल्या. त्या वर्षी १ फेब्रुवारीला कव्हेंट्रीच्या विमानतळाजवळ वासरांच्या ट्रकखाली सापडून जिल फिप्स ही तरुण आई मेली. पुढच्याच वर्षी गायींच्या मेंदूच्या रोगामुळे निर्यात बंद पडली, तेव्हा सरकारने पैसे देऊन लाखो कोवळी वासरे मारून टाकली. त्या देशात गाय कुणाची देवता नाही, तरी लोकांना ते पाहवले नाही. गोऱ्ह्याचा प्रश्न दुधाच्या धंद्यातच जन्माला येतो. धर्म आणि कायदा त्याला नंतर भेटतात.

तोडगा निघाला तो प्रयोगशाळेत. वळूच्या ज्या शुक्राणूपासून कालवड होते त्यात डीएनए सुमारे चार टक्के जास्त असतो. या फरकावरून लेसरच्या यंत्राने शुक्राणू वेगळे करता येतात. अशा लिंगवर्गीकृत रेतमात्रांनी शंभरात नव्वदच्या आसपास कालवडीच होतात. इंग्लंडमध्ये त्या २००० सालापासून विकल्या जाऊ लागल्या. मोजक्या गायींपासून हव्या तेवढ्या कालवडी घ्यायच्या, बाकीच्यांना मांसाचा वळू द्यायचा. पूर्वी ओझे असलेले वासरू आता तिथे गवळ्याचे जोडउत्पन्न झाले आहे.

आपल्याकडे त्या मार्गाचा पुढचा अर्धा भाग कायद्याने बंद आहे. १९९५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल, वळूही बंदीत आले. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. त्या कायद्यावर वाद घालायला मी आलेलो नाही. त्यानंतर बाजारात काय झाले, एवढेच सांगतो. बाजार उठल्यावर संध्याकाळी रिकाम्या तळावर दोन-चार गोऱ्हे मागे राहू लागले. कुणी आणले आणि कुणी सोडले, कुणी पाहिलेले नसे. २०१९ च्या पशुगणनेत देशात मादी गोवंश साडेचौदा कोटी होता आणि नर पावणेपाच कोटीही नव्हता. जन्माला तर दोघे सारखेच येतात. मधला फरक कुठे गेला, ते आपल्यापैकी कुणी मोठ्याने विचारत नाही. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी समाजाने राज्यात जनावरांची खरेदी थांबवली, तेव्हा बाजार ओस पडले आणि पहिल्यांदा शेतकरीच उघड बोलू लागले, की आमची जनावरे आता घेणार कोण?

हिशेब साधा आहे. गोऱ्हा दिवसाला तीन लिटर दूध पितो. तीस रुपये भाव धरला तरी नव्वद रुपये झाले, आणि चार गायींचा धनी ते काढणार कुठून? लिंगवर्गीकृत रेतमात्रा आता आपल्याकडेही मिळतात. त्या साध्या मात्रेपेक्षा महाग, गाभ राहण्याचे प्रमाण थोडे कमी. त्या लहान शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत स्वस्तात पोचल्या, तर नको असलेला जीव जन्मालाच येणार नाही. तरी शंभरात दहा गोऱ्हे होणारच. त्यांना जगवायचे असेल तर तो खर्च दुधाच्या भावात धरायला हवा, म्हणजे तुम्ही-आम्ही पिशवीमागे तो द्यायला हवा. गोशाळेच्या नावाने हात जोडून तो भागत नाही.

अब्बा जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांच्या पेटीत एक जुने पावतीपुस्तक निघाले, अर्धे कोरे. शेवटच्या काही स्थळप्रतींवर रंग आहे, दात आहेत, रक्कम आहे. कारणाचा रकाना त्यांनी रिकामा सोडला आहे. थकले म्हणून, की तो शब्द त्यांना लिहवेना म्हणून, हे आता विचारायची सोय नाही. अण्णांचा मुलगा मध्यंतरी भेटला. त्याच्याकडे आता सहा गायी आहेत. मी त्याला गोऱ्ह्यांचे विचारले. तो खाली बघत म्हणाला, "चाचा, ते सोडून बोला."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)