ओरडून म्हटलेले गाणे

चोर्ला घाट चढून जांबोटीमार्गे बेळगावात शिरायचे, शहर ओलांडून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागायचे, की आलेच हिंडलगा. हे नाव घेतले की बऱ्याच जणांना तिथले कारागृह आठवते. १९५० साली सावरकरांना तिथेच ठेवले होते. मला मात्र ताईचे घर आठवते. तिथे एक जूनला जाणे झाले, तर सकाळी भावोजींबरोबर हुतात्मा स्मारकावर जायचे हा माझा शिरस्ता. कन्नड सक्तीविरुद्ध जून १९८६ मध्ये झालेल्या आंदोलनात या परिसरात नऊ जणांचे प्राण गेले. त्यांच्यासाठी दरवर्षी तिथे माणसे जमतात, फुले वाहतात, घोषणा देतात.

यंदाही जाऊन आलो. जेवण झाले, जरा आडवा झालो, आणि वरच्या खोलीतून असा आवाज आला की मला वाटले, कुणाला तरी विजेचा धक्का बसला! धावत वर गेलो तर भाचा डोळे मिटून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता.

"मामा, रियाज करतोय," तो म्हणाला.

आता काय बोलणार? आमच्या पिढीने रियाज म्हणजे पहाटेचा षड्ज एवढेच ऐकलेले. पण पोराने मला समोर बसवून तासभर शिकवणी घेतली. नंतर मी माझ्या परीने थोडे वाचले, ऐकले. त्यातून जे हाती लागले ते सांगतो.

या प्रकाराला म्हणतात स्क्रीमो. नावातच किंचाळी आहे. त्याचे मूळ शोधत गेले की अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये पोचतो. तिथे १९८०च्या सुमाराला पंक संगीत गाणाऱ्या पोरांनी डिस्कॉर्ड नावाची स्वतःची छोटी रेकॉर्ड कंपनी काढली. मोठ्या कंपन्यांच्या दारात उभे राहायचे नाही, आपली तबकडी आपण काढायची. पुढे 'इंडी' म्हणून जे ओळखले जाऊ लागले ते हेच, इंडिपेंडंटचे लाडके रूप. या कंपनीने १९८५ साली 'राइट्स ऑफ स्प्रिंग' या बँडचा त्याच नावाचा अल्बम काढला. पंकमध्ये तोवर राग होता, सरकारवरची चीड होती. या बँडचा गायक गी पिचोटो स्वतःच्या मनातले दुखणे ओरडून सांगू लागला. बँड फार काळ टिकला नाही, पण बी पडले. १९९०नंतर सॅन डिएगोच्या पोरांनी त्याला आणखी वेग दिला आणि गाण्याचे आरोळीत रूपांतर झाले. गाणी मिनिटा-दोन मिनिटांची, तबकड्या थोड्याच छापलेल्या, मैफिली कुणाच्या तळघरात किंवा दिवाणखान्यात. २००१च्या आसपास मोठ्या कंपन्यांना या आरोळीचाही वास लागला आणि तिचा बाजार झाला. असो.

मला गंमत वाटली ती त्या बँडच्या नावाची. राइट्स ऑफ स्प्रिंग म्हणजे वसंतातले विधी. हे नाव मूळचे स्त्राविन्स्कीच्या बॅलेचे, ज्याच्या पहिल्याच प्रयोगाला १९१३ साली पॅरिसमध्ये प्रेक्षकांनी दंगा केला होता. आणि आपल्या गोव्यात वसंतातला विधी कुठला? शिगमो! ढोल, ताशा, कासाळे आणि मधूनच शंभर गळ्यांतून एकदम उठणारे 'ओस्सय!' त्या ओस्सयला अर्थ काय, असे आपण कधी कुणाला विचारले आहे का? अंगावर काटा येतो, तेवढे पुरते.

आता आपल्याकडचे बघू. ज्या १९८६च्या पावसाळ्यात हिंडलग्यात माणसे पडली, त्याच वर्षी मुंबईत धोबी तलावाच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू झाला. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण भारतातली रॉक वाजवणारी पोरे दरवर्षी एकत्र जमू लागली ती तिथे. पुढे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले. शांतता क्षेत्र शंभर मीटरचे, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. (कचेरीत अशा परवानग्यांचे अर्ज माझ्याही टेबलावरून गेले आहेत, त्यामुळे हे नियम मला तोंडपाठ!) शेजारी इस्पितळ आणि कॉलेज असलेले रंगभवन त्यात गप्प झाले. मग ही पोरे हॉटेलांत, पबांत, जिथे जागा मिळेल तिथे वाजवू लागली.

त्यातलाच एक मुंबईचा 'स्क्राइब'. भाच्याच्या मते हे स्क्रीमो नव्हे, हार्डकोअर. तो फरक माझ्या कानाला अजून कळत नाही. पण २०१०चा त्यांचा 'मार्क ऑफ तेजा' त्याने मला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवला. तेजा म्हणजे 'अंदाज अपना अपना'मधला परेश रावलचा तेजा. २०१४च्या अल्बमचे नाव 'हेल मोगॅम्बो', आणि एका गाण्याच्या नावात तर चक्क पावभाजी. गायक विश्वेश कृष्णमूर्तीचा गळा ऐकून वाटते आता रक्त येणार, आणि विषय बघावा तर हिंदी सिनेमाचा खलनायक! अमेरिकन पोरांचे दुखणे उसने न घेता आपल्या गल्लीतली थट्टा त्यात घालण्याची ही युक्ती मला मनापासून आवडली. संगीत आवडले का? खरे सांगतो, तिसऱ्या गाण्यानंतर डोके दुखू लागले. पण त्या वेगात, मध्येच थांबून पुन्हा उसळण्यात कमालीची शिस्त आहे, हे डोकेदुखीतही कळत होते.

मराठीला ही आरोळी नवी नाही. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. सरकारने त्यावर बंदी घातली, ते खरोखरचे भूमिगत संगीत! बार्शीचा मेहबूब पटेल अमर शेख झाला तो गळ्याच्या जोरावर. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्याच्या आवाजाने मैदाने हलली. अण्णाभाऊंच्या 'माझी मैना'त गावी राहिलेली मैना आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेले बेळगाव-कारवार एकाच विरहाचे होऊन येतात. फरक इतकाच की शाहीर ओरडायचा तो शेवटच्या माणसाला शब्द न् शब्द कळावा म्हणून. स्क्रीमोवाला ओरडतो तेव्हा शब्दच आधी हरवतात.

मी हे भाच्याला म्हटले. तो घरी मराठी बोलतो, मित्रांशी कन्नड, गाणी लिहितो इंग्रजीत. म्हणाला, "मामा, ओरडताना कुठली भाषा आहे ते कळत नाही. तेच बरं आहे."

भावोजी दारात उभे होते, ते मला दिसले नव्हते. ८६ साली ते अठरा वर्षांचे. घोषणा देऊन देऊन घसा इतका बसला होता की आठ दिवस पाटीवर लिहून बोलत, हे ताईने मला अनेकदा सांगितले आहे. सकाळी ज्या स्मारकापुढे ते मान खाली घालून उभे होते, ते भाषेसाठीच तर उभे आहे. मला वाटले आता भडका उडणार.

ते काही बोलले नाहीत. खोलीत आले, खुर्चीवर बसले. "लाव ते परत," म्हणाले. पोराने लावले. भावोजींनी पूर्ण गाणे ऐकले, कपाळावर आठ्या घालून.

"यात शब्द आहेत?"

"आहेत."

"तुझ्या गाण्यातपण?"

"हो."

"मग लिहून दे मला. वाचतो."

भाच्याने वहीचे पान फाडून दिले. भावोजींनी चष्मा लावला, घडी उलगडली, पुन्हा घातली आणि पान खिशात ठेवले. जाताना स्वयंपाकघरात ताईला हाक मारून सांगितले, ज्येष्ठमधाची काडी असेल तर वर पाठव, याचा घसा जाईल.