मसल कार : जीर्णोद्धार की जतन?

मध्यम आकाराची, दोन दारांची साधी गाडी आणि तिच्या बॉनेटखाली मोठ्या गाडीसाठी बनवलेले आठ सिलिंडरचे अवजड इंजिन, एवढेच मसल कारचे मूळ सूत्र. अमेरिकेत साधारणतः १९६४ ते १९७२ या काळात तयार झालेल्या या गाड्या तरुणांच्या खिशाला परवडाव्यात आणि सरळ रस्त्यावर सुसाट पळाव्यात, एवढीच अपेक्षा होती. त्या पन्नास-साठ वर्षे टिकाव्यात असा आग्रह ना कारखान्याचा होता, ना गिऱ्हाइकाचा. आज मात्र त्यांतील एखादीचा बोल्टदेखील अस्सल आहे की नाही, यावर तासन्‌तास वाद झडतात आणि त्या वादाच्या निकालावर लाखो डॉलरचे व्यवहार ठरतात.

उदय आणि अस्त

या प्रकाराची सुरुवात पॉन्टियॅक जीटीओ या गाडीपासून झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. पॉन्टियॅकचे तत्कालीन मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून पळवाट काढली. १९६४ सालच्या टेम्पेस्ट या गाडीवर ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन त्यांनी जादा किमतीचा पर्याय म्हणून देऊ केले. या पर्यायासाठी सुमारे ३०० डॉलर अधिक मोजावे लागत. पहिल्याच वर्षी अशा ३२ हजारांहून अधिक गाड्या खपल्या आणि मग सगळ्याच कंपन्यांत चढाओढ लागली. क्रायस्लरने १९६६ साली ४२६ घनइंचांचे ‘हेमी’ इंजिन रस्त्यावर आणले. १९७० सालच्या शेव्हरले शेव्हेल एसएसमधील ४५४ घनइंचांच्या सर्वांत ताकदवान इंजिनाची नोंद तर ४५० अश्वशक्ती अशी होती.

ही चढाओढ फार काळ टिकली नाही. तरुण चालकांच्या विम्याचे हप्ते भरमसाट वाढले. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे धुरावर बंधने आली. १९७१ पासून इंजिनांचे कॉम्प्रेशन उतरवण्यात आले आणि १९७३ च्या अरब तेलबंदीने उरलीसुरली हौस संपवली. त्यानंतरची काही वर्षे या गाड्या म्हणजे पेट्रोल पिणारी जुनी धुडे ठरली. १९७९ ते १९८५ या काळात चाललेल्या ‘द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या चित्रीकरणात डॉज चार्जर जातीच्या सुमारे तीनशे गाड्या वापरल्या गेल्या आणि त्यांतील बहुतेकींचा चुराडा झाला. त्या वेळी त्याबद्दल फारसे कोणाला वाईट वाटले नाही.

गंज, पत्रा आणि आकडे

या गाड्यांचा पहिला शत्रू गंज. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि तेच पत्रा खाते. तळाचा पत्रा, डिकीचा तळ आणि मागच्या चाकांवरचा भाग प्रथम सडतो. गाडी पूर्ण उकलून सांगाडा फिरत्या चौकटीवर चढवतात, जुना रंग खरवडून काढतात आणि सडलेला पत्रा कापून नवा जोडतात. १९६७ च्या मस्टँगचा किंवा १९६९ च्या कॅमारोचा तर संपूर्ण सांगाडाच आता नवा मिळतो. इंजिन उघडल्यावर व्हॉल्व्हच्या बैठकाही अनेकदा कठीण धातूच्या बसवतात. जुन्या पेट्रोलमधील शिसे या बैठकांची झीज रोखत असे. रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलच्या विक्रीवर अमेरिकेत १९९६ पासून बंदी आहे.

दुसरा प्रश्न ओळखीचा. १९६४ आणि १९६५ साली जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल नसून केवळ पर्याय होता, त्यामुळे चासी क्रमांकावरून ती ओळखता येत नाही. साध्या गाडीला मोठे इंजिन आणि नावाच्या पट्ट्या लावल्या की ‘जीटीओ’ तयार. अशी नक्कल नक्कल म्हणूनच विकली तर हरकत नाही, अस्सल म्हणून विकली तर ती फसवणूक होते. याउलट, १९७० च्या क्रायस्लर गाड्यांच्या चासी क्रमांकातील पाचवे अक्षर इंजिनाचा प्रकार सांगते आणि ‘आर’ म्हणजे ४२६ हेमी. म्हणून जाणकार आधी कागद शोधतात. पॉन्टियॅकच्या कारखान्यातील बिलांच्या नोंदी आणि फोर्डच्या १९६७ नंतरच्या गाड्यांचा तपशील आजही मिळू शकतो. जुळणीच्या वेळी कामगारांच्या हाती असणारा तक्ता कधी कधी सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो आणि तो मालकाला सोन्यासारखा वाटतो. इंजिनाच्या ओतकामावरील तारीख गाडीच्या जुळणीनंतरची निघाली, तर ते इंजिन मूळचे नाही हे उघड होते. शर्यतीत इंजिने फुटत आणि बदलली जात, त्यामुळे मूळ इंजिनासह उरलेल्या गाड्या थोड्याच आहेत. मोजक्याच बनलेल्या हेमी कुडा कन्व्हर्टिबलपैकी १९७१ ची एक गाडी २०१४ साली लिलावात ३५ लाख डॉलरना गेली, त्यामागे हेच गणित होते.

पुसला जाणारा पुरावा

खरा पेच येथेच आहे. कारखान्यातून निघालेल्या या गाड्या निर्दोष नव्हत्या. रंगाचे ओघळ, दारांच्या कमी-जास्त फटी, तपासनिसाने खडूने केलेल्या खुणा, हे सारे त्यांच्यावर होते. जीर्णोद्धारात आरशासारखी चमक येते, पण घडवणाऱ्या हातांच्या खुणा नाहीशा होतात. जुन्या देवळाच्या कोरीव दगडावर ऑइलपेंट फासला की जे होते, तेच येथेही होते. आता काही जण खडूच्या त्याच खुणा अभ्यास करून पुन्हा काढतात. तो श्रम कौतुकास्पद असला, तरी तो पुरावा नव्हे.

‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन यांनी चालवलेल्या मस्टँगची कहाणी या दृष्टीने बोलकी आहे. न्यू जर्सीतील एका कुटुंबाने ती १९७४ साली सुमारे सहा हजार डॉलरना घेतली आणि घरची रोजची गाडी म्हणून वापरली. मॅक्वीन यांनी १९७७ साली पत्र लिहून ती परत मागितली, पण मालकाने दिली नाही. पुढे ती कित्येक वर्षे नुसती उभी राहिली. २०१८ साली ती लोकांसमोर आली तेव्हा तिचा रंग उडालेला होता, पत्रा पोचलेला होता आणि चित्रीकरणासाठी केलेल्या फेरफारांच्या खुणा तशाच होत्या. जानेवारी २०२० मध्ये ती याच अवस्थेत ३७ लाख ४० हजार डॉलरना विकली गेली. एका उत्साही रंगकामाने तिची निम्मी कहाणी पुसली गेली असती.

अर्थात, प्रत्येक मालक किमतीसाठी गाडी सांभाळत नाही. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर साठच्या दशकात रात्री शर्यती लागत. १९९५ पासून तेथे ऑगस्टमध्ये ‘वुडवर्ड ड्रीम क्रूझ’ हा मेळावा भरतो. तेथे लग्न, मुलेबाळे किंवा लष्करी सेवेपायी तरुणपणी विकून टाकलेल्या गाडीसारखीच गाडी निवृत्तीनंतर शोधून आणणारे भेटतात. ज्यांना ही इंजिने नवी असताना ऐकल्याचे आठवते, ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. तिच्यामागून बोलणार आहे ती गाडीच.

म्हणूनच पाना हाती घेण्यापूर्वी गाडीच्या प्रत्येक भागाची छायाचित्रे काढावीत, शिक्के आणि क्रमांक टिपून ठेवावेत आणि काढलेला मूळ भाग भंगारात न देता जपून ठेवावा, असा सल्ला अनुभवी मंडळी देतात. मूळ इंजिन गमावलेल्या गाडीला नवे ब्रेक आणि आधुनिक इंजिन बसवून रस्त्यावर आणण्यात काहीच गैर नाही. मूळ रंगासह टिकलेल्या गाडीला मात्र शक्यतो हात लावू नये. रंग पुन्हा कधीही देता येतो, पण कारखान्याचा रंग गाडीला एकदाच लागतो.