पायी, एस्टीने, सायकलवरून

स्मरणिकेसाठी ‘शाळेच्या इतिहासावर काहीतरी लिही’ असा समितीचा निरोप आला. इमारत, मुख्याध्यापक, निकाल यांवर दुसरे कोणी लिहीलच. मी पुढे इतिहासाचा शिक्षक झालो. तरी मला लिहायचे आहे ते इंग्रजीच्या एका तासाबद्दल आणि त्या तासाच्या मागे उभ्या असलेल्या दीडशे वर्षांबद्दल.

१९८१ चा पावसाळा. आपण आठवीत होतो. पाचवीत एबीसीडी गिरवलेली, म्हणजे इंग्रजीचे चौथे वर्ष. सरांनी एकेकाला उभे करून विचारले, शाळेत कसे येता, इंग्रजीत सांगा. मी मंचरकडून येणारा. ऐटीत ‘बाय एस्टी’ म्हणून बसलो. गावातला एक जण ‘बाय सायकल’ म्हणाला. मग वरच्या खोऱ्यातून दीड-दोन तास चालत येणारा आपला मित्र उठला. (नाव लिहीत नाही, त्यानेच लिहू नको म्हटले आहे. तुम्ही ओळखालच.) तो म्हणाला, ‘आय कम बाय लेग्ज.’ वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो.

सरांनी त्याला बसवले आणि मला उभे केले. “शहाण्या, ‘रामाने काठीने साप मारला’, कर इंग्रजी.” मी फळ्यावर लिहिले, ‘बाय राम बाय स्टिक स्नेक किल्ड.’ आता हसायची पाळी वर्गाची होती, पण सरांनी हसू दिले नाही. “याची चूक आणि त्याची चूक एकच आहे. दोघांनाही ‘ने’ म्हणजे ‘बाय’ असे कोणीतरी शिकवले आहे.”

हे ‘कोणीतरी’ कोण, याचा शोध मला पुढे नोकरीत असताना लागला. विल्यम कॅरीने १८०५ साली श्रीरामपूरला मराठीचे व्याकरण इंग्रजीत छापले. मराठी माणसाने मराठीत लिहिलेले ठळक व्याकरण दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे, १८३६ चे. दादोबांपुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता आणि आपण पाठ केलेल्या शब्दांच्या आठ जाती त्याच धर्तीच्या. त्यात इंग्रजी प्रिपोझिशनच्या समोर आपले शब्दयोगी अव्यय येऊन बसले. गंमत अशी की इंग्रजीत तो शब्द नामाच्या आधी येतो, आपल्याकडे मागून. शिवाय रोजच्या बोलण्यातले ‘ने’, ‘त’, ‘ला’ हे शब्दयोगीत नाहीतच, ते विभक्तीच्या तक्त्यात. इंग्रजीच्या एका फडताळातला माल मराठीत दोन फडताळांत विभागला गेला. पुढे १८४७ साली मेजर कँडीचा इंग्रजी-मराठी कोश आला आणि त्यानंतर तर्खडकर भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. माझ्या वडिलांनीही तीच घोकली होती. मी पाठमालेला दोष देणार नाही. खेड्यातल्या मुलाला इंग्रजीचे दार तिनेच उघडून दिले. पण शब्दासमोर शब्द मांडला की मूल पहिला अर्थ तेवढा उचलते.

सरांनी त्या दिवशी तक्ता पुसला म्हणा ना. म्हणाले, “दोन ‘ने’ बघा. रामाने म्हणजे मारणारा. त्याला इंग्रजीत काहीच लागत नाही, राम नुसता पुढे उभा राहतो. काठीने म्हणजे साधन, तिथे ‘विथ’. आणि साप मारला गेला असे म्हटलेत, तरच राम ‘बाय’ घेऊन मागे जाईल.” मग पेनने लिहिले तर ‘विथ अ पेन’, पण शाईने लिहिले तर ‘इन इंक’. काळजीने केले तर ‘विथ केअर’, घाईने केले तर ‘इन अ हरी’. चुकून केले तर ‘बाय मिस्टेक’ आणि मुद्दाम केले तर ‘ऑन पर्पज’. या दोन ठिकाणी तर मराठीत ‘ने’ शोधूनही सापडत नाही. नाणेघाटाने कोकणात उतरायचे असेल तर तो ‘ने’ साधनाचा नाही, वाटेचा. तिथे ‘थ्रू’.

मग ते आपल्या मित्राकडे वळले. “तू घरी काय सांगतोस? पायाने आलो?”

“नाही सर. पायी आलो.”

“बघा. मराठीतसुद्धा तो पायाने येत नाही. एस्टीने येतो, सायकलवरून येतो, बैलगाडीतून येतो आणि पायी येतो. ही ‘ई’ घरी, दारी यांच्यातली, सप्तमीची. इंग्रजही पायावरच येतो, ऑन फूट.”

(तृतीयेच्या अनेकवचनातही ‘ई’ आहे, त्यामुळे यावर वाद घालता येईल. पण सरांशी कोण घालणार?)

‘बाय’ची खूणही त्यांनी तेव्हाच सांगितली. ‘बाय’ म्हणताना डोळ्यांपुढे एक ठरावीक सायकल नसते, येण्याची रीत असते. म्हणून ‘बाय सायकल’मध्ये ‘अ’ही नाही आणि ‘द’ही नाही. वडिलांची सायकल म्हटली की लगेच ‘ऑन माय फादर्स सायकल’. मी आजही मुलांना हेच सांगतो. पुढे वाचनात आले की जुन्या इंग्रजीतही नामांना विभक्ती होत्या, साधनाच्या विभक्तीचे अवशेषही होते. त्या झिजल्या आणि त्यांचे काम या छोट्या शब्दांवर पडले. ‘विथ’चा जुना अर्थ तर ‘विरुद्ध’ असा होता. सरांना हे सांगायला हवे होते, राहून गेले.

आपला मित्र दहावीला इंग्रजीत राहिला, ऑक्टोबरलाही राहिला, आणि मग शाळेकडे फिरकला नाही. त्याची ती खोऱ्यातली वाट पुढे डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेली, जुन्या आंबेगावासारखी. आता तो नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची वाहतूक करतो, स्वतःचे दोन टेम्पो आहेत. मेळाव्याच्या बैठकीला आला तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन त्या हसण्याबद्दल माफी मागितली. चाळीसेक वर्षे ते मनात होते.

त्याने थोडा वेळ आठवून पाहिले. “अरे, त्या दिवशी पायात काटा मोडला होता,” तो म्हणाला, “सबंध वाटभर पायच डोक्यात होते. तुझं हसणं कुठलं ऐकू येतंय?” मग टेम्पोची किल्ली काढत विचारले, “तू कसा आलास? बाय एस्टीच का? चल, सोडतो मंचरपर्यंत.”