स्टँड, टेरेस, गॅलरी : उभ्या प्रेक्षकाची कुळकथा

पुण्याच्या शनिवार पेठेत ‘स्टँड’ म्हटले की एसटीचा किंवा रिक्षांचा थांबा समजला जातो, ‘टेरेस’ म्हणजे इमारतीवरची गच्ची आणि ‘गॅलरी’ म्हणजे घराला रस्त्याच्या अंगाने काढलेला, कठडा असलेला सज्जा. हे तिन्ही शब्द इंग्रजीतून मराठीत आले आणि मूळ भाषेत तिन्हींचा संबंध प्रेक्षकाच्या जागेशीही आहे. ‘स्टँड’चा धात्वर्थ उभे राहणे असा असला तरी फुटबॉलच्या मैदानावर आज स्टँड म्हणजे मुख्यतः खुर्च्या मांडलेली, छप्पर घातलेली बाजू, उलट ज्या पायऱ्यांवर प्रेक्षक खरोखरच उभा राहत असे त्यांना ‘टेरेस’ हे नाव पडले, आणि त्या नावाच्या मुळाशी लॅटिनमधला ‘तेर्रा’, म्हणजे माती, हा शब्द आहे. मराठी टेरेस सिमेंटची असते, फुटबॉलची टेरेस मात्र जन्माने मातीचीच होती. या मातीच्या पायरीचा जन्म, तिच्यावर आलेली बंदी आणि अलीकडे तिचे बदललेल्या रूपात झालेले पुनरागमन यांचा मागोवा घेतला, तर प्रेक्षकांना उभे राहू द्यावे की नाही या प्रश्नाची खरी उकल आसनात नसून मोजणीत आहे, हे दिसून येते.

खेळ पाहण्याची मराठी रीत या पायरीहून निराळी आहे. गावच्या जत्रेतील कुस्त्यांच्या फडात आखाड्याला लागून बसलेल्यांचे कडे पडते, त्यांच्या मागे उकिडवे बसलेले, त्यांच्या मागे उभे राहिलेले आणि सर्वांत मागे बैलगाड्यांवर किंवा झाडांवर चढलेले, अशी उतरंड कोणी न आखता आपोआप लागते, आणि पुढचा कोणी उठलाच तर ‘खाली बस’ अशी आरोळी मागून येते. स्टेडियमच्या शास्त्रात ज्याला दृष्टिरेषा म्हणतात, म्हणजे मागच्या प्रेक्षकाच्या डोळ्यापासून खेळाच्या जागेपर्यंत पुढच्याच्या डोक्यावरून जाणारी सरळ रेषा, ती या फडात पायऱ्यांनी नव्हे तर शरीरांच्या ठेवणीने सांभाळली जाते. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात या ठेवणीला स्थापत्याचे रूप मिळाले. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपात गेले असता त्यांनी रोममधील कलोसियम पाहिले आणि त्यावरून त्यांना या मैदानाची कल्पना सुचली, असे मानले जाते. १९१२ मध्ये सुरू झालेल्या या मैदानात मधोमध कुस्तीचा हौदा असून भोवती चढत जाणारा वर्तुळाकार उतार आहे, त्यामुळे शेवटच्या रांगेत जमिनीवर बसलेल्यालाही कुस्ती दिसते आणि कोणाला उठून उभे राहण्याचे कारण उरत नाही.

इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये फुटबॉलचा प्रेक्षक प्रथम मैदानाच्या कडेला बांधलेल्या दोरीपाशी उभा राहत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या, गोद्या आणि खाणी यांतील कामगारांना शनिवारी दुपारनंतर सुट्टी मिळू लागली, तशी ही गर्दी दोरीत मावेनाशी झाली. मग मातीचे, राखेचे आणि राबिटाचे ढीग मैदानाच्या टोकांना रचून त्यांवर लाकडी ओंडके आडवे रोवून पायऱ्या करण्याची पद्धत पडली. थोड्या पैशांत जास्तीत जास्त माणसे सामावणारी ही सोय होती, कारण एका बाकाला लागणाऱ्या जागेत उभी माणसे पुष्कळ अधिक मावतात. क्लबांचा खर्च तिकिटांच्या विक्रीवर चालत असल्याने उभ्याची जागा ही त्यांच्या अर्थकारणाचा कणा बनली आणि ती कामगारवर्गाची जागा म्हणूनही ओळखली जाऊ लागली. मराठी रंगभूमीच्या परिभाषेत स्वस्त तिकिटाच्या, मोकळेपणाने दाद देणाऱ्या आणि तितक्याच मोकळेपणाने नापसंती दाखवणाऱ्या प्रेक्षकाला ‘पिटातला प्रेक्षक’ म्हणत. फुटबॉलमध्ये त्याचे स्थान टेरेसवरच्या प्रेक्षकाचे होते.

मातीचा भराव हा सुरुवातीपासूनचा एकमेव पर्याय मात्र नव्हता, तो एका अपघाताने पक्का केला. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर ५ एप्रिल १९०२ रोजी स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचा सामना चालू असताना लोखंडी सांगाड्यावर फळ्या टाकून नुकत्याच उभारलेल्या टेरेसचा काही भाग कोसळला आणि २५ माणसे मृत्युमुखी पडली. या मैदानाचा आराखडा आर्चिबाल्ड लीच या स्कॉटिश अभियंत्याचा होता. कारखान्यांच्या इमारतींचे काम करून फुटबॉलकडे वळलेल्या लीचने पुढे भक्कम जमिनीवर किंवा भरावावर टेकलेल्या पायऱ्यांचा पुरस्कार केला, आणि त्या पायऱ्यांवर ठरावीक अंतराने बसवायच्या कठड्यांच्या रचनेचे पेटंटही मिळवले. हा कठडा म्हणजे दोन खांबांवर आडवी बसवलेली, छातीच्या खाली येणारी नळी होय. उतारावर उभ्या असलेल्या गर्दीत मागचा माणूस पुढच्यावर रेलला की तो दाब रांगेगणिक वाढत खाली उतरतो. कठडा ही लाट मध्येच अडवतो आणि खालच्या रांगांवर तिचा भार पडू देत नाही. उभ्याच्या जागेची सुरक्षितता पायरीपेक्षाही या कठड्यांच्या संख्येवर आणि मांडणीवर अवलंबून असते.

लीचच्या काळातील टेरेसला जे सर्वांत प्रसिद्ध नाव मिळाले, त्याचा एक धागा भारतापर्यंत येतो. दक्षिण आफ्रिकेतील नाताळमध्ये स्पिऑन कॉप, म्हणजे टेहळणीची टेकडी, या ठिकाणी जानेवारी १९०० मध्ये बोअर आणि ब्रिटिश यांची लढाई झाली आणि तीत लँकेशायरच्या पलटणींतील पुष्कळ सैनिक मारले गेले. त्या टेकडीवरून जखमींना वाहून नेणाऱ्या भारतीय रुग्णसेवा पथकाची उभारणी मोहनदास करमचंद गांधी यांनी केली होती. १९०६ मध्ये लिव्हरपूलच्या अॅनफील्ड मैदानावर एका गोलाच्या मागे उंच भराव घातला गेला, तेव्हा तेथील एका पत्रकाराने त्याला त्या टेकडीचे नाव सुचवले, आणि ‘कॉप’ हा शब्द पुढे उभ्याच्या उंच टेरेसचे सामान्यनाम होऊन इतर मैदानांवरही रूढ झाला.

या टेरेसवर किती माणसे सोडावीत याला मात्र फार काळ कसलाही धरबंध नव्हता. लंडनच्या वेम्बली मैदानावर २८ एप्रिल १९२३ रोजी झालेल्या, तेथील पहिल्या एफए कप अंतिम सामन्याला क्षमतेहून इतकी जास्त माणसे आत शिरली की खेळाच्या जागेवरून गर्दी हटवण्यासाठी घोडेस्वार पोलीस आणावे लागले. बोल्टनच्या बर्न्डन पार्कवर ९ मार्च १९४६ रोजी ३३ प्रेक्षक चेंगरून मरण पावले. आयब्रॉक्सवरच २ जानेवारी १९७१ रोजी ६६ जणांचा बळी गेला, तोही टेरेसवर उभे असताना नव्हे, तर सामना संपल्यावर जिन्याने बाहेर पडताना. त्यानंतर १९७५ मध्ये मैदानांच्या सुरक्षेचा कायदा झाला आणि परवान्याची पद्धत आली. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्डमध्ये ५६ माणसे आगीत सापडून मेली, ती आग बसण्याच्या लाकडी स्टँडखाली साचलेल्या कचऱ्याला लागली होती आणि मागची दारे बंद होती. आसन मिळाले म्हणून माणूस सुरक्षित झाला, असे या घटनाक्रमावरून म्हणता येत नाही.

निर्णायक घटना १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर घडली. बाहेर दाटलेली गर्दी मोकळी करण्यासाठी पोलिसांनी एक मोठे फाटक उघडले, परंतु आत शिरलेल्या लोकांना कडेच्या रिकाम्या भागांकडे वळवण्याची तजवीज केली नाही. त्यामुळे समोर दिसणाऱ्या बोगद्यातून ते आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांत गेले. प्रेक्षकांनी मैदानात उतरू नये म्हणून टेरेसपुढे उंच जाळ्या लावलेल्या होत्या आणि बाजूंनीही कुंपण होते, त्यामुळे पुढे सरकायला वाट उरली नाही, आणि एका कप्प्यातील कठडाही दाबाने मोडला. या दुर्घटनेने एकूण ९७ जणांचा जीव घेतला. दुर्घटनेच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती टेलर यांनी आपल्या पहिल्या अहवालात पोलिसांच्या नियंत्रणातील अपयश हे मुख्य कारण ठरवले. जानेवारी १९९० च्या अंतिम अहवालात मात्र मोठ्या मैदानांवर केवळ आसनेच असावीत, अशी शिफारस केली. २०१६ मध्ये या मृत्यूंच्या न्यायालयीन चौकशीतील ज्यूरीने मृतांचा बळी बेकायदेशीर रीतीने गेला आणि प्रेक्षकांचा त्यात दोष नव्हता, असा निर्णय दिला, पण तोपर्यंत टेरेस इतिहासजमा होऊन दोन दशके लोटली होती. अॅनफील्डच्या कॉपवर प्रेक्षक शेवटचे उभे राहिले ते ३० एप्रिल १९९४ रोजी, आणि त्याच वर्षीपासून इंग्लंडच्या वरच्या दोन श्रेणींत आसनांची सक्ती लागू झाली.

कारण एक आणि उपाय दुसऱ्याच गोष्टीवर, अशी जी विसंगती या दोन अहवालांत भासते, तिचा उलगडा मोजणीच्या दृष्टीने होतो. खुर्चीला क्रमांक असतो, क्रमांकाला तिकीट असते आणि म्हणून खुर्च्यांच्या भागात किती माणसे आहेत हे न मोजताही कळते. उभ्याच्या जागेत ते प्रत्येक वेळी मोजावे लागते. ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षेसाठी वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शिकेने उत्तम स्थितीतील टेरेसवरही दर १० चौरस मीटरला ४७ ही कमाल मर्यादा घातली आहे, पण ती मर्यादा पाळली जाते की नाही, हे फाटकावरच्या शिस्तीवरच ठरते. खुर्चीने ही शिस्त लोखंडात ओतली, हा तिचा खरा गुण होय.

खुर्ची आली तरी प्रेक्षक बसला नाही. प्रत्येक संघाचे कडवे समर्थक खुर्चीपुढे सबंध सामनाभर उभे राहू लागले, आणि त्यातून नवाच धोका निर्माण झाला, कारण पुढच्या खुर्चीची पाठ गुडघ्याच्या उंचीची असल्याने गोलाच्या जल्लोषात तोल गेलेला माणूस पुढच्या रांगेवर पडतो आणि त्याच्याबरोबर आणखी काहीजण कोसळतात. यावरचा तोडगा जर्मनीत आधीच तयार होता. तेथे उभ्याची जागा कधी बंदच झाली नव्हती. डॉर्टमुंडच्या दक्षिण बाजूच्या टेरेसवर आजही सुमारे २५,००० प्रेक्षक उभे राहतात. युरोपीय स्पर्धांत मात्र आसनांचा नियम होता, म्हणून तेथील काही मैदानांवर कठड्याची खुर्ची वापरात आली. हिच्यात प्रत्येक रांगेच्या पाठीशी कमरेइतका उंच अखंड कठडा असतो आणि त्यात घडी होणारी खुर्ची बसवलेली असते. घडी कुलूपबंद केली की ती उभ्याची जागा होते, उघडली की बसण्याची. लीचचा कठडा चार-पाच पायऱ्यांमागे एखादा असे, येथे तो प्रत्येक रांगेला आहे, आणि एका खुर्चीमागे एकच तिकीट असल्याने गर्दी वाढत नाही.

स्कॉटलंडला इंग्लंडचा आसनसक्तीचा कायदा लागू नसल्यामुळे ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने २०१६ मध्ये सुमारे ३,००० प्रेक्षकांसाठी अशी जागा केली. इंग्लंड आणि वेल्समध्ये जानेवारी २०२२ मध्ये पाच क्लबांना प्रायोगिक परवानगी मिळाली, त्या प्रयोगाच्या मूल्यमापनात माणसे पुढे कोसळण्याचा धोका कमी झाल्याचे आढळले, आणि २०२२-२३ च्या हंगामापासून अटी पूर्ण करणाऱ्या क्लबांना परवाना मिळू लागला. त्याच हंगामात युरोपीय फुटबॉल संघटनेनेही काही देशांत उभ्याच्या जागेचा प्रयोग सुरू केला. २८ वर्षांनी टेरेस परत आली, पण मातीवर नव्हे, क्रमांकावर उभी राहून.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत जिवंत आहे तो कोल्हापुरात. तेथील फुटबॉल तालमींतून, म्हणजे कुस्तीच्या व्यायामशाळांतून वाढला, म्हणून पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ अशी संघांची नावे आहेत आणि संघाचा अभिमान हा पेठेचा अभिमान असतो. खासबागेत बसून कुस्ती पाहणारे शहर राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांच्या गॅलरीत फुटबॉल पाहताना झेंडे घेऊन उठते, यावरून आसन हा स्वभावाचा नव्हे तर खेळाच्या गतीचा आणि पाहणाऱ्याच्या गुंतवणुकीचा प्रश्न ठरतो. दुसऱ्या टोकाला पुण्यात १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडीचे क्रीडासंकुल आहे; तेथे २०१४ ते २०१९ या काळात एफसी पुणे सिटी हा संघ खेळला, परंतु त्याच्यामागे पेठ नव्हती.

भारतातील अनुभवही मोजणीकडेच बोट दाखवतो. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर १६ ऑगस्ट १९८० रोजी मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात प्रेक्षकांत मारामारी उसळून चेंगराचेंगरीत १६ जण मरण पावले. वाईजवळच्या मांढरदेवी येथे २५ जानेवारी २००५ रोजी काळूबाईच्या यात्रेत शेकडो भाविक, मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी २३ प्रवासी आणि बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमच्या फाटकांबाहेर ४ जून २०२५ रोजी ११ माणसे गेली, आणि या तिन्ही ठिकाणी जीव गेले ते चिंचोळ्या वाटेवर किंवा दाराशी. चिन्नास्वामीच्या आत तर क्रमांकाच्या खुर्च्याच होत्या.

शनिवार पेठेने या प्रश्नाची दोन्ही रूपे शेजारी शेजारी ठेवली आहेत. १७३० मध्ये पाया घातलेल्या शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात पूर्वी भाजीबाजार भरत असे. १८८६ मध्ये तो रे मार्केटमध्ये, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईत गेला आणि मोकळी झालेली जागा पुढे सभांची झाली. सभेला श्रोता जमिनीवर बसतो, मागे उशिरा आलेले उभे राहतात आणि पटांगणाच्या कडा उघड्या असल्याने कोणालाही केव्हाही बाहेर पडता येते. जवळच्या केळकर रस्त्यावर मात्र गणेश विसर्जनाच्या दिवशी हजारो माणसे तासन्‌तास उभी असतात, दोन्ही अंगांना इमारती आणि बांबूंचे अडथळे असतात, आणि तेथे कोणाला किती माणसांच्या मागे सोडले याची नोंद कोठेच नसते. उभ्या प्रेक्षकाला परवानगी देणे म्हणजे त्याच्यासाठी जागा मोजणे, त्याच्या पुढ्यात कठडा बसवणे आणि त्याच्या मागचे दार वेळेवर बंद करणे, एवढेच मातीच्या पायरीच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाचे तात्पर्य आहे. ही तिन्ही कामे व्यवस्थेची असून त्यांतले एकही प्रेक्षकाने बसण्याने आपोआप होत नाही. फुटबॉलच्या टेरेसला ते उमगायला ९७ प्रेतांची मोजणी व्हावी लागली. विसर्जनाच्या रस्त्यावर उभ्या माणसांची मोजणी अजून सुरू व्हायची आहे.